चौदा कुप्या

केरूने फळा सुलट केला तेव्हा मी टर्मिनलची काच पुसत होतो. दुपारी तीन वाजता मुंबईहून पाहुणे येणार होते, कॉम्प्युटरचं मशीन बघायला. रत्नागिरीच्या आमच्या आरोग्य मंडळाच्या कचेरीत सकाळपासून लगीनघाई चालली होती. शिपाई म्हणून केरूच एकटा, त्यामुळे तो झाडू, फडकं आणि फुलदाणी तिन्ही घेऊन फिरत होता. "सायेब, ह्यो फळा पाठमोरा काय म्हणून लटकवलाव?" असं विचारून त्याने माझ्या उत्तराची वाटही पाहिली नाही. दोन्ही खिळ्यांवरून फळा काढला, फिरवला आणि परत टांगला. तेरा दिवस तो भिंतीकडे तोंड करून होता. मी वर बघितलं. कमलाबाईंच्या गोल, शाळकरी अक्षरात सात गावांची नावं, पुढे आकडे, वर तारीख. पाचव्या ओळीत आंबेतळी. तिच्यापुढे शून्य. त्या शून्याभोवती त्यांनी आणखी एक गोल काढला होता, चटकन नजरेत यावं म्हणून. माझ्या हातातलं फडकं काचेवर तसंच राहिलं. तेव्हा जे वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण भीतीच होती ती. दुसरं नाव द्यायचा प्रयत्न मी नंतर बरेचदा केला.

मंडळाची सात केंद्रं सात गावांत. एकेक नर्स, एकेक शीतकपाट, त्यात लशी आणि सापाची इंजेक्शनं. फुरसं चावलं की ह्या इंजेक्शनाशिवाय काही चालत नाही, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सड्यावर, वरच्या कातळपठारावर, गवत कापायला माणसं गेली की जांभ्याच्या कपारीतून फुरसं चावतंच. कमलाबाई आमच्या फोनवर. तीस वर्षं नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर घरी करमेना म्हणून इथे बसायच्या. रोज नऊ वाजता सातही केंद्रांना फोन लावायच्या, कुठे सापाच्या इंजेक्शनाच्या किती कुप्या आहेत ते विचारायच्या आणि फळ्यावर लिहायच्या. लाइन लागली नाही तर एस.टी.च्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी पाठवायच्या. मग दिवसभर कुठूनही कोणी विचारलं, की मान वळवून फळा बघायचा आणि सांगायचं, अमक्या ठिकाणी न्या. एवढी साधी गोष्ट. ह्या साध्या गोष्टीत सुधारणा करायला म्हणून मला मुंबईहून आणलेला. शहाऐंशी साल होतं, सुधारणेचे दिवस होते, आणि मी संगमेश्वराकडच्या एका मास्तरांचा शिकलेला मुलगा, जिल्ह्याचं काहीतरी करायचं म्हणून हट्टाने परत आलेला. मला त्या फळ्याची कीव यायची, हे कबूल करतो.

मशीन देणगीतून आलं होतं. युनिक्सवर चालणारं, मोठ्या ट्रंकेएवढं, त्याला पडदा-कळफलकाची दोन टर्मिनलं. एक माझ्या खोलीत, एक कमलाबाईंच्या फोनशेजारी. सोबत एक टेप. अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठात प्राध्यापकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून केलेलं सॉफ्टवेअर त्या टेपवर होतं, आणि माझ्या मुंबईच्या सरांनी पत्रव्यवहार करकरून ते मिळवलं होतं. मी त्याच्या प्रेमातच पडलो होतो. त्यात एका बाजूला माहितीचे तक्ते साठवायची सोय होती, आणि दुसऱ्या बाजूला जे होतं ते मी तोवर कुठेच पाहिलं नव्हतं. कागदावर वर्तुळं काढायची, वर्तुळांना बाण जोडायचे. एक वर्तुळ म्हणजे पडद्यावरचं एक दृश्य, एक बाण म्हणजे माणसाने दाबलेलं एक बटण. ते चित्र मशीनला शब्दांत सांगितलं की पडदे चालायला लागायचे. मागे काहीही नसताना. प्रोग्रॅम लिहिलेला नाही, माहिती गोळा केलेली नाही, तरी समोर बसलेल्या माणसाला वाटावं की सगळं तयार आहे. सर म्हणायचे, "तांबे, आधी खोटं दाखवायचं, मग खरं बांधायचं. घर बांधून झाल्यावर बाई म्हणाली मोरी चुकली, तर काय करशील? त्यापेक्षा पुठ्ठ्याचं घर करून तिला आत फिरव." आणि आणखी एक सांगायचे. समोरच्याला हे पुठ्ठ्याचं आहे असं सांगायचं नाही, सांगितलं की तो मनापासून वापरत नाही. त्याची जुनी सवय हाताशी ठेवायची नाही, नाहीतर तो तिकडेच पळतो. ह्या दोन्ही गोष्टी मी वहीत अधोरेखित केल्या होत्या.

तेरा दिवसांपूर्वी सकाळी अकराला मी फळा उलटा केला. कमलाबाईंचा आणि माझा त्या दिवसाचा संवाद मला अक्षरशः पाठ आहे, कारण गेले तेरा दिवस मी त्याचा शेवट गाळून उरलेला आठवत होतो. त्या म्हणाल्या, "अहो तांबे, फळ्याने काय घोडं मारलंन तुमचं?" मी म्हणालो, "एक दिवस मशीनवर काम करा. काय अडतं ते मला सांगा." मग त्या चष्मा नाकावर सरकवत पडद्यासमोर बसल्या, एका बोटाने बटणं दाबत. गावांची यादी आली. रोमन लिपीतलं मराठी त्यांनी मोठ्याने वाचलं, हसल्या. ते पडदे मी आदल्या आठवड्यात केले होते आणि रकान्यांत आकडे भरले होते. मनाचे. कुठे सहा, कुठे नऊ. आंबेतळीला चौदा. मी जेवायला निघालो होतो, पायात चपला सरकवत होतो, आणि दारापर्यंत गेल्यावर मागून त्या म्हणाल्या, "अगोबाई, आंबेतळीला इंजेक्शनं आली वाटतं! बरं झालं हो." मी म्हणालो, "हूं."

हा शेवट. हा मी गाळत होतो.

"हूं" म्हणताना माझ्या डोक्यात काय होतं? खानावळीत त्या दिवशी सुरमई होती आणि उशीर झाला की शेपटीकडचा तुकडा मिळतो, हे होतं. आणि थोडा आनंदही होता, लाज वाटते सांगायला. बाईंनी पडदा खरा मानला. सकाळी नऊ वाजता आंबेतळीच्या नर्सने त्यांना स्वतः सांगितलं होतं की एकही कुपी नाही, तीन आठवडे नाही. ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तरी पडद्यावर चौदा दिसल्याबरोबर त्यांना वाटलं, दोन तासांत आली असेल, मशीनला आपल्याआधी कळलं असेल. माझी परीक्षा मी उत्तम गुणांनी पास झालो होतो. मी जेवून, सुपारी खाऊन पाऊण तासाने परत आलो. त्या पाऊण तासात भेकरकोंडच्या तिठ्यावरून एक फोन आला आणि गेला होता.

तिठ्यावरून डावीकडे आंबेतळी सात मैल, उजवीकडे रत्नागिरी बावीस. चिऱ्यांच्या ट्रकात हौसा नावाची बाई, फुरसं चावलेली, आणि तिचा नवरा दुकानातल्या फोनवर. कमलाबाईंनी त्याला सांगितलं, आंबेतळीला न्या, चौदा आहेत. तिथे शीतकपाट रिकामं, उघडं टाकून ठेवलेलं. मग परत तिठा, मग रत्नागिरी, वाटेत ट्रकाचं चाक बसलं. शहरात पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. तिसऱ्या दिवशी गेली.

चौथ्या दिवशी मंडळाच्या डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या खोलीत पंखा नेहमी जोरात असतो, कागदांवर शंख ठेवलेले असतात. म्हणाले, "तांबे, आपलं मशीन अजून सुरू झालेलं नाही. बरोबर?" मी म्हणालो, "नाही झालं." "म्हणजे मशीनचा ह्याच्याशी संबंध नाही." मी शंखांकडे बघत होतो. "कमलाबाईंचं वय झालंय. चूक होते माणसाची. त्यांना जरा विश्रांती देऊ." कमलाबाई माझ्याकडे आल्या, पिशवी काखेत धरून. "मशीनवर चौदा होत्या की हो," एवढंच म्हणाल्या. चिडून नाही. विचारल्यासारखं. मी म्हणालो, "ते नमुन्याचे आकडे होते, बाई." त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा जो झाला तो मी बघितला नाही, मी कळफलकाकडे बघत होतो. त्यानंतर मी स्वतःची समजूत घातली, आणि ती चांगली पक्की घातली. मशीन नसतं तरी बाईंना काय ठाऊक असणार होतं? तो दिवस धावपळीचा, त्यांनी सकाळी फोन केले असतील की नसतील? आंबेतळीची लाइन तर नेहमीच बंद. फोनवरचे आकडे आता एका वहीत जात होते, त्यामुळे फळा तसाच पाठमोरा राहिला; त्याच्या पाठीला पांढऱ्या चुन्याचे डाग होते. रोज येता-जाता मी ते डाग बघत होतो. फळा उलटून बघायचं एकदाही मनात आलं नाही, असं मी म्हटलं तर ते खोटं होईल.

आणि आज केरूने फिरवला. केरूला वाचता येत नाही. तो पाण्याचा तांब्या आणायला बाहेर गेला. मी उठलो, हातातल्या त्याच फडक्याने फळा पुसला. आधी पाचवी ओळ, मग सगळा. खडू जुना झाला की घट्ट बसतो. शून्याचा बाहेरचा गोल चटकन गेला, आतला जाईना. मी फडक्याला थुंकी लावून पुसला. माझं वय तेहतीस, दोन पदव्या, आणि फडक्याला थुंकी लावून मी एका म्हाताऱ्या बाईचा पुरावा पुसत होतो.

वडील असते तर काय म्हणाले असते, हा विचार मी मुद्दाम केला नाही, तो आलाच. काशीराम मास्तर. एकाहत्तरच्या जनगणनेत त्यांच्याकडे चार वाड्या होत्या. बाकीचे मास्तर शाळेच्या ओट्यावर बसून पोलीस पाटलाला विचारून रकाने भरायचे. आमचे वडील मार्चच्या उन्हात नदी ओलांडून पलीकडच्या टेकाडावर एका काशी नावाच्या म्हातारीच्या एकट्या घरी गेले होते, तिथे एकच माणूस राहतं हे सगळ्या गावाला ठाऊक असताना. रात्री आई, प्रेमला, चुलीपुढे बसून बडबडत होती, "एका आकड्यासाठी पाय भाजून घेतलात." वडील पायांना खोबरेल लावत म्हणाले, "घर बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही." मला तेव्हा ते हटवादी वाटले, थोडे बावळटही. पुढे मी आकड्यांचंच शिक्षण घेतलं आणि सात केंद्रांपैकी एकाचंही दार बघितलं नाही. मला नकाशा पुरला.

एक वाजता रावजी आला. मी त्याला ओळखत नव्हतो, त्यानेच सांगितलं. "भेकरकोंडचा रावजी. हौसाचा घोव." पांढरा सदरा, धुऊन सुकलेला, इस्त्री नाही. डोकं भादरलेलं, त्यावर टोपी. तो बाकावर बसला नाही, टर्मिनलापासून दोन हात लांब उभा राहिला. मी त्याला बसा म्हणालो, पाणी दिलं. त्याने पाणी घेतलं, भांडं खाली ठेवताना आवाज होऊ दिला नाही.

"सायेब, एक इचारायचा हाय. त्या दिवशी मी फोन केलो हुतो. बाय बोल्लान, आंबेतळीला चौदा हायत. मी कानान ऐकलंय. आता माजो म्हेवणो, शिवा, तो बोलतो, असा कोण सांगलच नाय. कपाट रिकामी आन चौदा कोण सांगल? बोलतो, तुला रत्नागिरी लांब पडली, तू जवळची वाट धरलीस. तिठ्यावर तो माझ्या पाया पडत हुता, उजवीकडं घे बोलत हुता. मीच डावीकडं घेतलो. सासूबाय माझ्या हातचा पानी घेत नाय. दहाव्याला मना पानावर बसवलान नाय. उद्या तेरावा हाय, मानसा जमतील. तुमी कोन तरी सांगा, सायेब. चौदा हुत्या काय? कुटं तरी लिवलेल्या हुत्या काय?"

त्याला भरपाई नको होती, तक्रार करायची नव्हती, कोणाला शिक्षा नको होती. तो आकडा जगात कुठेतरी होता, त्याने तो स्वतःच्या मनाने घेतला नाही, एवढं एका माणसाने सांगायला हवं होतं. आणि तो माणूस मी होतो. जगात दुसरा कोणी नव्हता, कारण फळा मी पुसला होता आणि बाईंना आम्ही घरी बसवलं होतं. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, ते मला घडवावंसुद्धा लागलं नाही. "मशीन अजून सुरू झालेलं नाही," मी म्हणालो. ह्यात एकही शब्द खोटा नव्हता.

रावजीने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. पडदा बंद होता. "आसं," तो म्हणाला. "मंग मीच नेली तिला." त्याने टोपी काढली, परत घातली, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि फाटक लावून घेऊन गेला. फाटकाची कडीसुद्धा नीट लावली.

मी मशीन चालू केलं. तीनच्या पाहुण्यांसाठी एकदा फिरवून बघायचं होतंच. गावांची यादी आली, मी आंबेतळीवर गेलो, चौदा पुसून शून्य घातलं. खाली अक्षरं उमटली, बदल नोंदवला. ते वाक्य मीच लिहिलेलं. नोंदवायची सोय अजून केली नव्हती, पण वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं, कारण ते वाचून वापरणाऱ्याला बरं वाटतं. मी नमुना बंद केला, परत सुरू केला. आंबेतळी, चौदा. परत शून्य घातलं, परत बदल नोंदवला, परत बंद, परत सुरू. चौदा. दर वेळी सुरू होताना तो माझी पहिली यादी घ्यायचा, तसं मीच त्याला सांगितलं होतं. असं मी किती वेळा केलं मला ठाऊक नाही. शेवटी त्या हिरव्या आकड्याकडे बघताना मला रडू यायला लागलं आणि त्याच वेळी केरू फुलदाणी घेऊन आत आला. "डोळ्यांत काय गेला काय सायेब?" म्हणाला. मी म्हणालो, खडू गेला. मग उठलो आणि रावजीला गाठायला एस.टी. स्टँडवर निघालो. डॉक्टरसाहेब व्हरांड्यात होते, "तांबे, कुठे? अडीच वाजतायत," म्हणाले. मी येतो म्हणालो.

त्या बाजूला जाणारी गाडी लागलेली होती. रावजी डाव्या बाजूला खिडकीशी, पिशवी शेजारच्या जागेवर ठेवून बसला होता. मी गाडीत चढलो आणि त्याच्या बाकाचा दांडा धरून उभा राहिलो. गाडीत माणसं होती, हळू बोलावं असं वाटत होतं, पण हळू आवाज निघेना. "चौदा होत्या," मी म्हणालो. "मशीनवर. बाईंनी वाचून सांगितलं. मशीनमध्ये मी लिहिलं होतं."

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"खरं फळ्यावर होतं. शून्य. तो फळा मी फिरवून ठेवला होता. आणि आज सकाळी मी तो पुसला."

पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून बघितलं. मला वाटलं, आता हा मला मारील, आणि मारलं तर बरं होईल. तो हळूच म्हणाला, "चौदाच का?"

मी तयारी करून आलो होतो, पण ह्या प्रश्नाची नाही. "दोन आकडी हवा होता," मी म्हणालो. "रकाना पुरतो का बघायला."

"मंग शून्य का नाय घातलाव? मी सरळ हिकडं आलो असतो."

"शून्य घातलं असतं तर..." मी थांबलो. इथे थांबता येणार नाही हे मला कळत होतं. "तर तिथे मोकळं दिसलं असतं. पडदा भरलेला दिसावा म्हणून."

त्याने खिडकीबाहेर बघितलं. स्टँडवर केळीवाला ओरडत होता. मग त्याने शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बसा," तो म्हणाला. "ह्या तिकडं चलून सांगा. सासूबायला सांगा, शिवाला सांगा. आसाच सांगा, बदलू नका. पडद्याचा पन सांगा."

माझ्या घड्याळात पावणेतीन झाले होते. कचेरीत पाहुण्यांसाठी नारळपाणी येऊन पडलं असेल, डॉक्टरसाहेब फाटकाशी येरझारा घालत असतील. केरू मशीन चालू करायला हात लावणार नाही, तो त्याला भितो. मी बसलो. रावजीचा खांदा माझ्या खांद्याला लागला, त्याने तो काढून घेतला नाही आणि टेकवलाही नाही. गाडी हलली. कंडक्टर आमच्यापाशी आला, तिकिटाचा चिमटा वाजवत माझ्याकडे बघून म्हणाला, "कुठं?" सातही केंद्रांखालच्या एकशे बारा वाड्यांची नावं मी माझ्या हाताने भरली होती, पिन कोडसकट. मी म्हणालो, "भेकरकोंड." "भेकरकोंडला गाडी जात नाही," कंडक्टर म्हणाला, "उतरायचं कुठं?" मला ठाऊक नव्हतं. मी रावजीला विचारलं.